दोन डाव्या बाह्या

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सातला डबा भरून, मफलर गुंडाळून, चपला घालून मी दारात उभी. मग आठवलं की जायचं कुठे? कारखाना बंद. मालकाने छप्पर बदलायला काढलंय, कारण गेलं वर्षभर आम्ही शिलाईच्या टेबलांवर बादल्या ठेवून कोट शिवत होतो. सहा आठवडे कुणी यायचं नाही, पंधरा डिसेंबरला घंटा होईल तेव्हा या, तोवरचा पगार नाही, असं कटिंगमास्तरांनी शनिवारी सगळ्यांसमोर सांगितलं. मी ते नीट ऐकलं होतं. पायांना कुणी सांगितलं नव्हतं.

हे पलंगावरून म्हणाले, "डबा भरलाच आहेस तर इकडे आण." आणि सकाळी सात वाजता दुपारचं जेवण जेवले. पस्तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते, समोर आलेलं सोडायचं नाही ही सवय.

ही वही नातीने दिली. गेल्या वर्षीची आहे, वार सगळे चुकीचे छापलेत, ते खोडून मी खरे घालतेय. ती म्हणाली, "आजी, तू दिवसभर जे बोलतेस ते हिच्याशी बोल. माझी परीक्षा आहे." चौदा वर्षांची आहे, पण तोंड चाळीसचं. माझं शिक्षण चौथी नापास, अक्षर कोंबडीच्या पायांसारखं. पण वही काही हसत नाही, हे बरं आहे.

लेक आणि सून कामाला गेले की घरात नुसता घड्याळाचा आवाज. हे घर असं वाजतं हे मला माहीतच नव्हतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पलंगाखालची ट्रंक ओढली. माझी अर्धवट कामांची ट्रंक. आधी पोर नि घर, आणि आता सत्तावीस वर्षं मी सकाळी जाते नि संध्याकाळी येते, त्यामुळे हौसेने काही सुरू केलं की ते त्या ट्रंकेत जाऊन झोपतं. सून म्हणते, हे तुमचं अनाथालय. बोलते तशी, पण मनाने चांगली आहे.

नातीला यादी करायला बसवलं. एका डोळ्याचा कापडी कावळा, लेक पाच वर्षांचा असताना त्याच्यासाठी करायला घेतलेला. (लेकाला आता टक्कल पडलंय.) एक स्वेटर, तोही त्याचाच, सातव्या वर्षीचा, एक बाही व्हायची राहिलेली. अर्धा लेसचा टेबलक्लॉथ, ज्या गोल टेबलासाठी होता ते मात्र मोडून गेलं. खोक्याचं बाहुलीघर, छप्पर नाही. ते बघून नात म्हणाली, आजी, तुझ्या बाहुल्यांचाही कारखाना बंद. अशा आठ वस्तू निघाल्या.

सगळ्यात खाली निळं कापड. मी म्हटलं, ते राहू दे. तिने विचारलं, लिहू का? मी म्हटलं, नको. तिने लिहिलं. नववं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कावळ्याला डोळा बसवला. जुन्या कोटाचं बटण आहे, त्यामुळे तो आता एका डोळ्याने कावळ्यासारखा आणि दुसऱ्याने पोलिसासारखा बघतो. लेकाच्या उशीवर ठेवला. लेक आला, बघितला. जेवताना शेजारच्या खुर्चीत बसवून घेतला.

स्वेटर पुरा केला पण घालणार कोण? शेवटी चहाच्या केटलीला घातला. एका बाहीतून तोटी निघते, दुसऱ्या बाहीतून मूठ. चहा तासभर गरम राहतो. नात म्हणते, केटली आपल्या घरात सगळ्यात चांगले कपडे घालते.

दोन दिवसांत दोन कामं पुरी. मला इतकं हलकं वाटतंय की कारखान्याची आठवण आली की वाटतं, छप्परवाल्यांनी घाई करू नये. असं वाटणं बरं नाही, पगार नाही घरात माझा. पण वाटतं.

९ नोव्हेंबर, रविवार

आता निळ्या कापडाचं लिहायचंच आहे तर आधी उजवीचं लिहायला हवं.

आमच्या कारखान्यात कोट होतात, पण कोट कुणीच शिवत नाही. खिसेवाली खिसे शिवते, कॉलरवाली कॉलर, काजवाली काजं. कटिंगमास्तरांचा नियम असा की हात एकाच वळणाला बसला की चुकत नाही, म्हणून बाह्यासुद्धा दोघींत वाटलेल्या. मी डावी बाही. माझ्या समोर बसते ती उजवी बाही. नावं कुणी घेतच नाही. मी डावी, ती उजवी. पगाराच्या वहीत आमची खरी नावं बघून नवा कारकून विचारत होता, ह्या दोघी कोण?

सोळा वर्षं आम्ही दोघी एका डब्यातल्या दोन चमच्यांसारख्या होतो. माझ्या बाहीला तिची बाही कधी अर्ध्या बोटाने लांब-आखूड झाली नाही. म्हणून मालकाने एकदा खूश होऊन आम्हा दोघींत मिळून एक कापड दिलं. जाड लोकरीचं, पहाटेच्या धुराच्या रंगाचं निळं, चार मीटर. बाहेरून मऊ लव, आतून खरखरीत. ठरलं असं की निम्मं तिचं, निम्मं माझं, आणि दोघींच्या नवऱ्यांना एकसारखे कोट. तिचे मिस्टर घड्याळवाले, घड्याळं दुरुस्त करतात. हे आणि ते रोज संध्याकाळी चौकातल्या बाकावर बसतात, एकाला शिंक आली की दुसरा रुमाल काढतो, अशी जोडी.

उजवीच्या घरी कापड कापलं. कापलं तिने. मी चहा टाकायला आत गेले होते, बाहेर आले तर दोन घड्या तयार, आणि तिची घडी माझ्या घडीपेक्षा जाड. मी म्हटलं, मापून घेतलंस ना? ती म्हणाली, माझ्यावर विश्वास नाही? मी म्हटलं, विश्वास आहे, पण टेपही आहे. आता वाटतं हे बोलले नसते तर बरं. तिने टेप काढून माझ्यासमोर ठेवली. घे, माप. मला इतका राग आला की मी मापलं नाही, घडी उचलली आणि आले.

त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं मी तिच्यासमोर बसून डाव्या बाह्या शिवतेय आणि ती उजव्या. "कात्री" आणि "सरक" याशिवाय बोलणं नाही. कापड तसंच ट्रंकेत.

आज उगाच टेप लावली. माझ्या वाट्याला दोन मीटरपेक्षा कमी असणार हे मला ठाऊकच होतं. भरलं दोन मीटर आणि वर जवळजवळ दोन विती. पुन्हा लावली. तेवढंच. कापड इतकी वर्षं पडून राहिलं की सैल पडतं, लोकर तर पडतेच. शिवाय माझी टेपही जुनी आहे, आकसली असेल.

हे बाजूला बसून बघत होते. म्हणाले, "तुझ्याकडे इतकं, तर तिच्याकडे किती?" मी म्हटलं, मला काय माहीत, मी चौथी नापास. हे म्हणाले, हे तिसरीचं गणित आहे. मी म्हटलं, तुमची बाकावर जायची वेळ झाली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

हे सकाळपासून खोकतायत. खोकला तसा खोटा वाटतो, मी समोर आले की वाढतो. म्हणे थंडी वाढली, बाकावर वारा झोंबतो, कुणाकडे लोकरीचं कापड असतं तर बरं झालं असतं. या माणसाने आयुष्यात कधी कपडा मागितला नाही, दिवाळखोरासारखा एका स्वेटरवर जगला, आणि आता कोट, कोट.

खरं सांगायचं तर मलाच भीती वाटतेय. सत्तावीस वर्षं कोटाच्या कारखान्यात आणि मी अख्खा कोट कधी शिवला नाही. कापड कापायची मोठी कात्री तर कधीच धरली नाही, ती कटिंगमास्तरांची. परत बोलावतील की नाही देव जाणे, साठी उलटलेल्या बाईला कोण बोलावतं, नव्या छपराखाली नव्या मुली बसवतील. मग लोक विचारतील, आजी काय करत होत्या? तर म्हणे डावी बाही. एक अख्खी वस्तू तरी करून ठेवावी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कापलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चार दिवस लिहायला वेळ झाला नाही. मी आता कामावर असते तेव्हापेक्षा जास्त कामात आहे.

जेवणाचं टेबल माझं. घरातले मांडीवर ताट घेऊन जेवतात, कुणी कुरकुर करत नाही, सूनसुद्धा नाही. उलट तिने ऑफिसातून येताना अस्तराचं कापड आणलं, राखाडी, चकचकीत. मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, तुम्ही गुणगुणताय आई, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा ऐकतेय.

मी गुणगुणते? मला कुणी कधी सांगितलं नाही. कारखान्यात मशीनच्या आवाजात कळत नसेल.

खिसे दोनदा उसवले. खिसेवालीला मी कायम हसायचे, काय मोठं, दोन खिसे. आता भेटली की तिचे पाय धरणार आहे. कॉलर मात्र बसली. बसली म्हणजे अशी बसली की मी ती नुसती उभी करून दहा मिनिटं बघत राहिले. पाठ, दोन्ही पुढे, खांदे, सगळं जोडून झालं. खुर्चीच्या पाठीला अडकवलं तर तिथे कुणीतरी माणूसच बसलाय असं वाटतं, फक्त हात नसलेला.

बाह्यांची काळजी नाही. बाह्या माझ्या हातात आहेत. ट्रंकेच्या तळाला कारखान्यातला बाहीच्या मापाचा जुना पुठ्ठा घातलेला होता, तोच काढला आणि उभ्या उभ्या दोन्ही बाह्या बेतल्या, डोळे मिटून केल्यासारख्या.

हे बाकावरून आले आणि म्हणाले, घड्याळवाल्याच्या घरीही ट्रंक उघडलीय, तिथेही कोट चाललाय, पण अडलाय. मी विचारलं नाही कशाला अडलाय. तर आपणहून म्हणाले, कापड कमी पडलं, एका बाहीपुरतं. मी म्हटलं, ज्याने त्याने आपल्या कापडाचं बघावं. हे हसले. या माणसाला कुठे हसावं कळत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जे झालं ते लिहायला लाज वाटतेय, पण नातीला हसू आवरेना, ती सगळीकडे सांगणारच, तर माझ्या तोंडून वहीने ऐकलेलं बरं.

डावी बाही मुंढ्याला, खांद्याच्या भोकाला, जोडली. पाण्यात मासा जावा तशी गेली. मग उजवी टाचली आणि कोट यांना घातला. यांचा उजवा हात पुढे आणि बाहीचं कोपर मागे. हात जसा वाकवतील तशी बाही पाठीकडे बघायची. हे म्हणाले, "बरं आहे, मागून कुणी हाक मारली तर चहाचा कप त्याच्या हातात देता येईल."

मी दोन डाव्या बाह्या शिवल्या होत्या.

पुठ्ठा दुसऱ्या बाहीला उलटा ठेवायचा असतो हे मला माहीत आहे. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण हाताला कोण विचारतं? सत्तावीस वर्षं हात जे करतो ते त्याने केलं, आणि पुन्हा एकदा केलं. नात खुर्चीवरून खाली पडेपर्यंत हसली. मग मीपण हसले, काय करणार. पोट दुखेपर्यंत. मग आत जाऊन भांडी घासली, तेव्हा जरा रडू आलं, पण ते हसण्यातलंच उरलेलं असावं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बाही उलटून वापरावी तर कापडाला उलटं-सुलटं आहे, एका हाताला मऊ लव आणि दुसऱ्याला गोणपाट. नवी बेतावी तर कापड नाही, उरल्यात त्या चिंध्या, त्यातून फार तर केटलीला टोपी होईल. तसलं निळं आता कुठे मिळत नाही, सून दोन दुकानं फिरून आली.

आणि कुठलंही कापड आणलं तरी उजवी बाही मला येते कुठे? पुठ्ठा उलटा ठेवून बघितला. मला वाटतं मी आरशात शिवतेय. सुई डावीकडे जाते तेव्हा हात उजवीकडे जातो.

नात म्हणाली, ज्यांना येते त्यांना विचार. मी म्हटलं, तू अभ्यास कर.

बादलीत कपडे भिजवताना एक गणित डोक्यात आलं. चारातून दोन मीटर दोन विती गेले तर किती राहिले. ते पुरं केलं नाही. कपडे पिळले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पुरं केलं.

लोकर सैल पडत नाही. तशीच्या तशी राहते. मला हे माहीत होतं, कोटाच्या कारखान्यातल्या बाईला हे माहीत नसेल तर कुणाला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

गेले.

उजवीचं घर दोन गल्ल्या सोडून, किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानावर. अकरा वर्षांत मी त्या गल्लीने गेले नव्हते, बाजाराला वळसा घालून जायचे. निघताना पिशवीत कोट घातला. यांनी टाचलेली दुसरी डावी बाही काढून तीही पिशवीत कोंबली, "नमुन्याला असू दे" म्हणाले. डाव्या बाहीचा कसला नमुना, पण पुरुषांना शिवणातलं काय कळतं, मी वाद घातला नाही. आणि योगायोग बघा, मी पोचले तेव्हा घड्याळवाले नेमके बाहेर पडत होते. मला बघून म्हणाले, अरे वा, मी जरा कोपऱ्यावर जाऊन येतो, आणि एका पायात चप्पल, एका पायात बूट घालून गेले.

उजवीने दार उघडलं. केस सगळे पांढरे झालेत. रोज समोर बसते आणि मला आज दिसलं.

"बरी आहेस ना" असं म्हणायचं ठरवून गेले होते. तोंडातून आलं, "मला उजवी बाही येत नाही."

ती म्हणाली, "माहीत आहे. पाय पूस आणि आत ये."

त्यांच्या घरात भिंतभर घड्याळं, दुरुस्तीला आलेली, प्रत्येकात वेगळी वेळ. एकात साडेतीन, एकात दहा, एक उलटं चालत होतं. किती वाजले कळायला मार्ग नाही, म्हणून उशीर झाला असं कुणालाच म्हणता येत नव्हतं.

मी पिशवीतून कोट काढला. तिने हातात घेतला, उलटा केला, कॉलरवर अंगठा फिरवला. मला परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. मग तिने उजव्या मुंढ्याचं भोक बघितलं, पिशवीतली ती दुसरी बाही बघितली, आणि तिचे खांदे हलायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे. उजवी अशीच हसते. मी विसरले होते.

"दोन्ही डाव्या," ती म्हणाली.

"दोन्ही," मी म्हटलं.

तिने डोळे पुसले आणि आतून एक कोट आणला. तेच निळं. पण एवढासा. अस्तर, काजं, खिसे, सगळं झालेलं, उजवी बाही अशी की बघत राहावं, आणि डावीकडे मोकळा मुंढा.

मी विचारलं, "हा कुठल्या शाळेतल्या मुलाचा?"

"माझ्या नवऱ्याचा आहे."

"आणि डावी बाही?"

"कापड संपलं."

घड्याळं बोलत होती.

मी म्हटलं, "तुझी घडी जाड होती."

"मी चारदा घडी घातली होती, तुझी दोनदा. पिशवीत मावावी म्हणून." मग म्हणाली, "तुझा नवरा विजेच्या खांबाएवढा, डावे. माझा स्टुलावर चढून घड्याळाला किल्ली देतो. निम्मं-निम्मं कापून काय करायचं होतं? तुझ्याला थोडं जास्त ठेवलं. वाटलं माझ्याला पुरेल. नाही पुरलं, ती चूक माझी."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू टेप लावशील म्हटलं. इथे नाही तर घरी जाऊन लावशील. सोमवारी येऊन बोलशील. मग म्हटलं पुढच्या सोमवारी."

अकरा वर्षांचे सोमवार किती होतात, ते गणित मी करणार नाही. मी म्हटलं, "लावली. या महिन्यात लावली."

"किती भरलं?"

"दोन चाळीस."

"दोन बेचाळीस," उजवी म्हणाली. "तुझी टेप जुनी आहे."

मी माझी ती दुसरी डावी बाही उचलली आणि तिच्या कोटाच्या मोकळ्या मुंढ्याला लावली. लांबीला चार बोटं जास्त, तेवढी दुमडावी लागेल, पण वळण असं बसलं की मध्ये टाचणीसुद्धा लागू नये. जे कापड माझ्याकडे तिचं होतं, त्याचीच ती बाही. मी म्हटलं, "ही तुझी. शिवून दिली असं समज. जरा वेळ लागला."

ती सुईत दोरा ओवायला लागली, पण तिला भोक दिसेना. मी सुई घेतली, मलाही दिसेना. दोघींनी मिळून एक सुई ओवायला बराच वेळ घेतला.

परत येताना चौकात बाकावर ते दोघे. यांनी मला विचारलंसुद्धा नाही काय झालं, नुसतं म्हणाले, आलीस? यांना काहीच माहीत नव्हतं बिचाऱ्यांना, मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. घड्याळवाले इतके मन लावून ऐकत होते की मध्ये दोनदा माझ्या आधीच मान हलवली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

रोज दुपारी उजवीकडे. यांची उजवी बाही तिने बेतली. निळं नाहीच, तर तिच्याकडे दाराच्या पडद्याचं जाड कापड पडलं होतं, विटकरी रंगाचं. पडदा पण अर्धवटच राहिलेला. मी म्हटलं, निळ्याला विटकरी? ती म्हणाली, तुझ्या नवऱ्याला विचार. विचारलं. हे म्हणाले, गर्दीत कंडक्टर लांबून ओळखू यायला हवा.

शिवायला मात्र ती मला बसवते. आपण शेजारी बसून माझी बोटं धरते आणि वळवते. हात सारखा आपल्या डाव्या वळणाला जातो. ती म्हणते, "डावे, घोडं घराकडे पळतंय, लगाम ओढ." दोनदा उसवलं. तिसऱ्यांदा बसली. मी, चौथी नापास, साठी उलटलेली, आज उजवी बाही शिकले. तिला डावी शिकवणं चालू आहे. फार ढ आहे. मजा येते.

आम्ही बोलतो किती. अकरा वर्षांचं साठलंय दोघींचं. तिच्या मुलीच्या लग्नाचं तिने मला आत्ता सांगितलं. लग्नाला मी नव्हते. मग तिने कपाटातून फोटो काढले, आणि मी प्रत्येक पाहुण्याच्या कोटाच्या बाह्या तपासल्या.

६ डिसेंबर, शनिवार

दोन्ही कोट झाले. शेवटचं बटण मी तिच्या कोटाला लावलं, तिने माझ्या.

संध्याकाळी ते दोघे बाकावर बसले. आम्ही दोघी आणि नात समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवरून बघत होतो. एक लांब, एक आखूड, दोघे निळे, धुराच्या रंगाचे, आणि यांचा एक हात विटकरी. हे तो हात उगाच हलवत होते. ओळखीचं कुणी दिसलं की हात वर, नाही दिसलं तरी हात वर. तिकीट देत असल्यासारखे. एका बाईने थांबून विचारलं, हा कोट कुठे घेतला? यांनी आमच्याकडे बोट केलं, अर्थात विटकरी हाताने. घड्याळवाले लगेच उभे राहिले आणि कुणी न विचारता गोल फिरून दाखवलं.

उजवी म्हणाली, "बघ, अख्खा कोट." मी म्हटलं, दोन. नात म्हणाली, आज्यांनो, रडताय की काय? आम्ही म्हटलं, वारा आहे.

यांचा खोकला कोट घातल्यापासून पूर्ण गेला. लोकरीत इतका गुण असतो हे मला माहीत नव्हतं.

१५ डिसेंबर, सोमवार

सकाळी सातला डबा भरून दारात. या वेळी घंटा झाली. लांबून ऐकू आली. बोलावतील की नाही या काळजीने दोन दिवस जेवण गेलं नव्हतं, हे वहीतसुद्धा लिहिलं नाही. बोलावलं. सगळ्यांना बोलावलं. खिसेवालीचे पाय धरायला गेले तर ती घाबरून मागे सरली.

नवं छप्पर पांढरं, इतका उजेड की काजवालीच्या चेहऱ्यावर तीळ आहे हे आम्हाला आजच कळलं. कटिंगमास्तर म्हणाले, आपापल्या जागा घ्या.

उजवी माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे. तिने नुसती भुवई उचलली. मी माझा डबा उचलला आणि तिच्या खुर्चीवर जाऊन बसले, ती माझ्या.

दिवसभर मी उजव्या बाह्या शिवल्या आणि तिने डाव्या. कटिंगमास्तर तीनदा टेबलाजवळून गेले. म्हणाले, वा, विश्रांतीने हात सुधारलेत. दोन बाह्या उसवाव्या लागल्या, एक माझी आणि एक तिची, त्या आम्ही जेवणाच्या सुट्टीत हळूच दुरुस्त केल्या. समोर बसून खांदे हलवत हसणाऱ्या बाईकडे बघत काम करणं फार कठीण असतं. सवय नाही.

घरी आले तर हे विचारत होते, दमलीस? मी म्हटलं, नाही. मग नातीने यादी काढून भिंतीवर चिकटवलेली दाखवली. नऊपैकी तीन पुरी, सहा बाकी. लेसच्या टेबलक्लॉथाला आता टेबल मिळालंय, उजवीचं. बाहुलीघराचं छप्पर घड्याळवाले करतो म्हणालेत. पण वेळ कुठे आहे? रविवार तेवढा एक.

कारखान्याचं छप्पर चांगलं झालंय. पण मालक काटकसरी आहे, आणि आज दुपारी माझ्या, म्हणजे उजवीच्या, टेबलाच्या बरोबर वर मला एक फट दिसली. कुणाला सांगितली नाही.